योना मास्तरांची काळाचौकीची सभा

निघायच्या आदल्या दिवशी गावच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी गालगुंड म्हणून निदान केलं आणि बोलायची सक्त मनाई केली. ज्याला बोलताच येत नाही तो सुवार्ता काय सांगणार? म्हणून मुंबईच्या दौऱ्याचं पुढारपण योना पाटोळे मास्तरांकडे आलं. मास्तरांनी तोंडाने अरेरे म्हटलं, पाळकसाहेबांच्या उशाशी बसून मनापासून प्रार्थनाही केली. पण घरी परतताना त्यांची चाल अशी होती, की वाटेत भेटलेल्या दोघांनी त्यांना हेडमास्तर झालात का म्हणून विचारलं.

ब्याऐंशी सालचा डिसेंबर होता. मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या संपाला वर्ष व्हायला आलं होतं. भायखळ्याच्या एका चर्चमध्ये अशी बरीच घरं होती की ज्यांच्या चुली संपापायी थंडावल्या होत्या. त्यांच्यासाठी नगर जिल्ह्यातल्या या लहानशा मंडळीने घरोघर फिरून नवी बाजरी गोळा केली होती. बाजरी पोचवायची, नाताळच्या आधी एक सभा घ्यायची, चार भजनं म्हणायची आणि परत यायचं, एवढाच साधा बेत.

साधा बेत मास्तरांना मानवत नसे. त्यांनी जन्मात मुंबई पाहिली नव्हती, पण तिच्याबद्दल त्यांची मतं पक्की होती. बायबलातल्या योनाला देवाने निनवे नावाच्या महानगरात पाठवलं होतं, तिथल्या लोकांना त्यांची दुष्टाई दाखवून द्यायला. आपलं नावही योना, आणि आपल्यालाही महानगरातच पाठवलं जातंय, हा योगायोग मास्तर मानायलाच तयार नव्हते. त्यांनी रात्रीचा दिवस करून एक प्रवचन लिहिलं. सुरुवातच होती, "हे महानगरा, तुझी दुष्टाई आकाशापर्यंत पोचली आहे." ते त्यांनी बायकोला, रूथबाईंना, मोठ्याने वाचून दाखवलं. रूथबाई गोधडीची घडी घालत होत्या. त्या म्हणाल्या की दुष्टाईचं नंतर बघू, आधी त्या महानगरात संडास कुठे असतो ते कुणाला तरी विचारून ठेवा.

तर मास्तर, रूथबाई आणि मृदंग वाजवणारे शलमोनकाका असे तिघे जण एसटीने निघाले. शलमोनकाका बोलत फार कमी. सत्तरी ओलांडलेली, कानाने थोडे कमी, पण मृदंगावर हात पडला की अख्खं चर्च डोलायला लागायचं. बाजरीची पोती एसटीच्या टपावर, मृदंग काकांच्या मांडीवर. पाळकसाहेबांनी पाटीवर खडूने लिहून सूचना दिली होती: परळच्या डेपोत उतरा, भायखळ्याची माणसं हातगाडी घेऊन येतील, सलाम म्हणतील. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीत एकमेकांना भेटलं की सलाम म्हणायची रीत आहे. ओळख पटायला याहून सोपी खूण ती काय असणार?

आता झालं असं, की त्याच दिवशी नगरहून आणखी एक एसटी परळला यायची होती. तीत रामजी नावाचे एक शेतकरी पुढारी होते, लाल बावट्याचे, आणि त्यांच्याही गाडीच्या टपावर धान्याचीच पोती होती, ज्वारीची, काळाचौकीतल्या संपकऱ्यांसाठी. त्यांना घ्यायला काळाचौकीहून हातगाडी निघालेली. आणि लाल बावट्यातली माणसंही भेटल्यावर एकमेकांना सलामच म्हणतात. रामजींची गाडी घाटात पंक्चर झाली. मास्तरांची गाडी मात्र वेळेच्या आधी आली, कारण ड्रायव्हरच्या मेव्हण्याचं लग्न होतं.

मास्तर डेपोत पोत्यांपाशी उभे होते. डोळे चहूकडे फिरत होते. तेवढ्यात खाकी चड्डीतला, मिशाळ, काटक माणूस हातगाडी ओढत आला आणि त्याने विचारलं, नगरची माणसं का? मास्तर म्हणाले, हो. धान्य? हो. त्या माणसाने हात वर केला आणि म्हणाला, "सलाम."

"सलाम," मास्तर म्हणाले आणि पहिलं पोतं स्वतःच उचलायला गेले.

तो माणूस म्हणजे रघु, गिरणीत सूत कातायच्या त्रासन खात्यातला कामगार, संपापायी वर्षभर बसून असलेला. त्याने पोती गाडीवर चढवली, वर शलमोनकाकांना मृदंगासह बसवलं, आणि गाडी निघाली.

मास्तर गाडीमागून चालत नव्हते, तरंगत होते. पहिल्या पाच मिनिटांत त्यांना जितकी माणसं दिसली तितकी त्यांच्या गावच्या उरुसाला जमत नसत. एका दुकानात नुसती कुलपं, दुसऱ्यात नुसत्या छत्र्या. डिसेंबरात छत्र्या कोण घेतं, असं त्यांनी रघुला विचारलं. रघु म्हणाला की कोणीच घेत नाही, पण दुकानदार तरी दुसरं काय करणार? चाळींच्या गॅलऱ्यांतून लुगडी, चड्ड्या, चादरी आणि माणसं एकाच दोरीवर टाकल्यासारखी वाळत होती. आणि सगळ्यांच्या वर गिरण्यांची धुराडी. मास्तरांना वाटलं होतं की मुंबईचं आभाळ धुराने काळं असेल. ते निळंभोर होतं. रूथबाईंना त्यांनी कौतुकाने आभाळ दाखवलं. रघु म्हणाला, "बाई, ह्या आभाळाचंच वांधं झालंय." मग त्याने थंड धुराड्यांकडे बोट केलं, तरी मास्तरांना आपण काय बोलून गेलो ते उमगायला पुढचा चौक यावा लागला.

गाडी काळाचौकीतल्या एका चाळीत शिरली. पोती तळमजल्यावरच्या एका खोलीत उतरवली. त्या खोलीत भिंतभर गणपतीचे फोटो होते, एका वर्षाचा एक, हार घातलेले. रूथबाईंनी मास्तरांची बाही ओढली आणि हळूच म्हणाल्या, "अहो, ही माणसं ख्रिस्ती दिसत नाहीत."

"शहरातली आहेत," मास्तर म्हणाले. "मोकळ्या मनाची असतात."

रूथबाईंनी पुन्हा एकदा फोटोंकडे पाहिलं, आणि मोकळं मन तरी किती मोकळं असावं, असा चेहरा केला.

संपाच्या कमिटीचा प्रमुख कुशाबा खाली आला. साचे खात्यात, मागांवर, पंचवीस वर्षं काढलेला माणूस, शांत, अंगावर स्वच्छ धुतलेला पण कॉलरपाशी विरलेला सदरा. त्याने पोत्यांवर हात ठेवला आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तरही हेलावले. बाजरी वाटण्याआधी मोठ्याने प्रार्थना करायची असं त्यांनी ठरवलं होतं, पण आवाज फुटेना. म्हणून त्यांनी नुसतेच हात जोडले, मान खाली घातली आणि मनातल्या मनात प्रार्थना केली. जमलेल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. बराच वेळ कोणी हललं नाही. मास्तरांना गहिवरून आलं; एवढी भाविक मंडळी त्यांनी गावाकडेही पाहिली नव्हती. मग कुशाबाने हलक्या आवाजात विचारलं, की तुमच्याकडचं कोण गेलं? मास्तरांना वाटलं, आपल्यासोबत कोण यायचं राहिलं असं विचारतोय. ते म्हणाले, आमचे पाळकसाहेब. कुशाबाने पुन्हा मान खाली घातली. बिचाऱ्या पाळकसाहेबांना गावी त्या वेळी लापशी भरवत होते.

त्या संध्याकाळी बाजरी घरोघर गेली, आणि खरा घोटाळा तिथे सुरू झाला. चाळ सगळी कोकणातली. जन्म भातावर गेलेला. बाजरी म्हणजे गुरांना घालतात की पाखरांना, याबद्दलही वरच्या मजल्यावर दोन मतं होती. पण वर्षभराच्या संपाने माणसं नाही म्हणायचं विसरली होती. पिठाच्या गिरणीतून दळून आणलेलं पीठ परातीत घेऊन बायका बसल्या, आणि सगळ्या चाळीत भाकऱ्या फाटू लागल्या. मास्तरांची सोय कुशाबाच्या खोलीत केली होती. कुशाबाची बायको तुळसा हातावर फुटलेली भाकरी घेऊन रूथबाईंसमोर उभी राहिली. "ह्या पीठ हाताक लागता, पण भाकरी काय थापूक येत नाय," ती म्हणाली. बोलताना ती हसत होती, पण डोळे भरले होते. पाहुण्याने आणलेलं अन्न आपल्या हातून वाया जातंय, याचं तिला वाईट वाटत होतं.

रूथबाईंनी पदर खोचला. बाजरीच्या पिठाला तांदळासारखी उकड काढायची नसते, मळून मळून त्याला जागं करायचं असतं, हे त्यांनी आधी तुळसाला दाखवलं. मग शेजारीण आली, मग जिन्यापलीकडची. शेवटी गॅलरीतच परातींची रांग लागली आणि रूथबाई इकडून तिकडे हात फिरवत, मास्तर शाळेत फिरतात तशा, फिरू लागल्या. मालन नावाची कोळीण टोपली घेऊन चाळीत मासे द्यायला येई, तीही टोपली खाली ठेवून बसली. तिच्या भाकरीला होडीचा आकार आला. पण फाटली नाही. मालनने ती सगळ्यांना दाखवून आणली.

मास्तरांच्या मनात इकडे एक बारीकशी खंत उमटली होती. दौऱ्याचे पुढारी ते, आणि चाळीत नाव चाललं होतं रूथबाईंचं. "भाकरीवाल्या बाईंचे मिस्टर" अशी आपली ओळख करून दिल्याचं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. म्हणून त्यांनी सभेचा विषय काढला. उद्या संध्याकाळी सभा घेऊ, असं ते कुशाबाला म्हणाले. कुशाबाचे डोळे चमकले. सभा हवीच होती. पोलिसांनी चार महिन्यांत एक सभा होऊ दिली नव्हती. तुम्ही बोलाल का? मास्तर म्हणाले, त्यासाठीच तर मी आलोय.

सभा म्हटल्यावर सल्ले आले. एकाने सांगितलं की भाषणात मालकांना धुऊन काढा. मास्तरांना वाटलं, शहरात सैतानाला मालक म्हणत असतील. दुसऱ्याने सांगितलं, आधी उपोषणावर बोला. मास्तर म्हणाले की उपास आणि प्रार्थना यांना पर्याय नाही. तिसरा म्हणाला, शेवटी विजय आपलाच आहे हे ठासून सांगा. मास्तर म्हणाले, ते तर लिहिलेलंच आहे. सगळ्यांना वाटलं, तयारीचा माणूस आहे.

नानांचा सल्ला मात्र कायदेशीर होता. नाना गिरणीच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले. धोतर, कोट, काळी टोपी आणि कुठल्याही गोष्टीला अर्ज लागतो यावर गाढ श्रद्धा. लाउडस्पीकर लावायचा तर पोलिसांची परवानगी लागेल, ती मीच मिळवून देतो, पण अर्जदार म्हणून वक्त्याने स्वतः यायला हवं, असं त्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे पोलीस ठाण्यात गेले. तिथे आधी एका बाकावर बसवलं, मग त्या बाकावर बसायची परवानगी कोणी दिली म्हणून उठवलं. एका टेबलावर सांगितलं, अर्ज साध्या कागदावर चालणार नाही. दुसऱ्यावर सांगितलं, साध्याच कागदावर हवा. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला होते, त्यामुळे त्यांना उलट घरच्यासारखं वाटलं. अखेर इन्स्पेक्टरसाहेबांसमोर उभं केलं.

साहेबांनी अर्ज न वाचताच विचारलं, "सभा कोणाची?"

"प्रभूची," मास्तर नम्रपणे म्हणाले.

साहेब खुर्चीत सरळ झाले. "हा प्रभू कोण? नवा सरचिटणीस?"

"तो सगळ्यांचा आहे साहेब. तुमचासुद्धा."

"माझा संबंध नाही," साहेब घाईने म्हणाले आणि बाजूच्या हवालदाराकडे एकदा बघून घेतलं. "राहतो कुठे?"

"सर्वत्र."

"म्हणजे जागा बदलतो. सभेला स्वतः येणार आहे?"

"दोघे किंवा तिघे त्याच्या नावाने जमले तरी तो तिथे असतोच. पण दिसत नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. वर्षभर त्यांनी या भागातले सगळे पुढारी पाहिले होते, पण दोघातिघांतसुद्धा न दिसणारा पुढारी त्यांना नवा होता. त्यांनी आवाज बदलून विचारलं की तुमची संघटना कुठली, पूर्ण नाव सांगा. मास्तर याच प्रश्नाची वाट पाहत असल्यासारखे ताठ झाले. आपल्या मंडळीचं नाव, चर्चचं नाव, तालुका, जिल्हा, आणि आपण तिथले वडील, म्हणजे सेवक-वडील, वयाने नव्हे, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं.

इन्स्पेक्टर हसायला लागले. इतके हसले की हवालदार पाणी घेऊन आला. नाना मात्र हसले नाहीत. त्यांची टोपी आपोआप मागे सरकली होती.

साहेबांनी निर्णय दिला: जमावबंदी आहे, सभा नाही. लाउडस्पीकर नाही. धार्मिक भजन करायचं तर चाळीच्या आत करा. पण भजनात भाषण झालं तर तुम्हाला, नानांना आणि त्या प्रभूलाही आत टाकीन. एक हवालदार तिथे बसेल.

बाहेर पडल्यावर नानांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "मास्तर, तुम्ही ख्रिस्ती?"

"हो. का? तुम्ही?"

"मी मालवणचा."

मग फूटपाथवर उभ्या उभ्याच एकेक गाठ सुटत गेली. भायखळ्याऐवजी काळाचौकी, चर्चऐवजी गणेशोत्सव मंडळाची खोली. पाळकसाहेब जिवंत आहेत हेही नानांना तेव्हाच कळलं. मास्तर फूटपाथच्या कडेला बसले. गावातल्या एकेका घराने स्वतःच्या कणगीतून काढून दिलेली बाजरी होती ती. विधवा मार्थाबाईने तर पदरातून आणली होती. ती भायखळ्याच्या घरांसाठी होती, आणि तिच्या भाकऱ्या काळाचौकीने खाल्ल्या. पुढारपणाची पहिलीच वेळ आणि आपण देवाचं धान्य पत्ता चुकवून टाकून आलो, असं त्यांच्या मनात आलं. निनवेला जायचं टाळणाऱ्या त्या योनाला निदान माशाने गिळलं होतं. त्यांना वाटलं, आपल्यालाही कोणी गिळेल तर बरं.

चाळीत बातमी नानांनीच सांगितली. कुशाबाचा चेहरा उतरला. तो उठला, एक रिकामं पोतं उचललं आणि दारोदार फिरू लागला. दुसऱ्याच्या नावचं अन्न आपण खायचं नाही, उरलंय तेवढं परत द्या. कोणी हुज्जत घातली नाही. कोणी दाणे आणले, कोणी पीठ आणलं. तुळसाने तर तव्यावरची भाकरीच आणली, कारण तीही त्याच पिठाची. मास्तर पोत्याला आडवे आले, परत घेणार नाही म्हणाले. कुशाबा म्हणाला, घ्यावंच लागेल. मास्तर म्हणाले, चूक माझी. कुशाबा म्हणाला, खाल्लं आम्ही. दोघांनी पोत्याची दोन टोकं धरली आणि आपापल्या बाजूला ओढायच्याऐवजी दुसऱ्याकडे ढकलायला सुरुवात केली. पोतं मध्येच फाटलं. अर्धी बाजरी जिन्यावरून खळखळत खाली गेली आणि सगळी चाळ, पोलिसांनी पाठवलेला हवालदारसुद्धा, वाकून दाणे वेचू लागली.

हे चालू असतानाच चाळीच्या तोंडाशी हातगाडी येऊन थांबली. पुढे भायखळ्याचे पाळकसाहेब, झग्यातच, घामाघूम. मागे पोती. आणि पोत्यांच्या बाजूला पागोटं बांधलेला एक रापलेला गृहस्थ, चेहऱ्यावर सुटकेचा भाव. ते रामजी.

रामजींची कथा ऐकायला सगळे गोळा झाले. पंक्चर काढून त्यांची गाडी उशिरा आली, तेव्हा डेपोत भायखळ्याची हातगाडी उभी होती. सलाम झाला. त्यांना थेट चर्चमध्ये नेलं. तिथे सगळे उभे राहिले की रामजी उभे राहिले, बसले की बसले. मुंबईच्या कामगारांची शिस्त पाहून ते थक्क झाले. मग त्यांना बोलायची विनंती झाली. रामजींनी गोरगरिबांचं राज्य येणार, भुकेल्यांना अन्न मिळणार आणि सिंहासनावर बसलेले खाली ओढले जाणार, असं नेहमीचं भाषण ठोकलं. भायखळ्याचे पाळकसाहेब म्हणाले की बायबलातल्या पवित्र मरीयेच्या गीताचं इतकं जोरकस विवेचन त्यांच्या चर्चमध्ये कधी झालं नव्हतं. पुढे सकाळी रामजींनी चहा पिता पिता संपाच्या कमिटीची चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला.

"पण तुमची ज्वारी?" कुशाबाने विचारलं.

"वाटून झाली की काल," रामजी म्हणाले. "भायखळ्यात."

हे गाडीवर काय मग, असं मास्तरांनी विचारलं. ती नुसती रिकामी पोती होती. रामजी परत घेऊन निघाले होते. म्हणजे त्यांची ज्वारी चर्चच्या घरांनी खाल्ली होती आणि चर्चची बाजरी संपकऱ्यांनी. नानांनी मनाशी सगळा हिशेब तपासला, दोनदा तपासला, आणि टोपी सारखी करत म्हणाले की कायद्याने बघितलं तर काहीच झालेलं नाही. पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येणार नाही. बहुतेक रूथबाई.

संध्याकाळी चाळीच्या चौकात सतरंज्या पडल्या. भजन धार्मिक आहे की नाही हे पाहायला हवालदार पहिल्या रांगेत, तुळसाने दिलेल्या खुर्चीवर. भायखळ्याच्या पाळकसाहेबांनी चर्चमधली माणसंही बोलावून घेतली होती, त्यातली निम्मी चाळीतल्यांच्याच गिरण्यांत काम करणारी निघाली. "तू इकडे कसा?" हेच पहिला अर्धा तास चाललं. मग शलमोनकाकांनी मृदंगाला पीठ लावलं. पीठ अर्थात बाजरीचं. थाप पडली आणि नगरकडच्या त्या ख्रिस्ती भजनाची चाल चाळीतल्या भजनीबुवांनी दुसऱ्याच ओळीला उचलली, कारण चाल त्यांच्याच अभंगाची होती. टाळ निघाले. नाव येशूचं होतं, ठेका ओळखीचा होता, आणि मालनसकट सगळी माणसं डोलत होती. रामजींना एकही शब्द माहीत नव्हता; ते ध्रुवपदाला नुसता हात वर करत होते.

मध्यंतरी नाना उठले आणि हवालदाराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले की कीर्तनात निरूपण असतंच, निरूपण म्हणजे भाषण नव्हे. हवालदार म्हणाला, बरोबर आहे, आमच्याकडेही असतं. सगळे मास्तरांकडे पाहू लागले.

मास्तर उभे राहिले. प्रवचनाचा कागद त्यांनी खिशातून काढला. "हे महानगरा," त्यांनी सुरुवात केली, "तुझी दुष्टाई..." आणि समोर पाहिलं. तुळसा होती, जिने काल रात्री आपली खोली त्यांना देऊन स्वतः गॅलरीत अंग टाकलं होतं. रघु होता. पोतं फाटेपर्यंत परत देऊ पाहणारा कुशाबा होता. सगळे मोठ्या आशेने, आपली दुष्टाई ऐकायला, मास्तरांकडे टक लावून बसले होते. मास्तरांना पुढची ओळ दिसेना. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, तरी दिसेना.

"मी सांगायला म्हणून आलो होतो," ते म्हणाले. "आता एवढंच विचारतो. बाजरी कडू तर नाही ना लागली?"

मग तुळसा मागून म्हणाली, "पयली लागली. आज सकाळची लागूक नाय."

चाळ हसली, टाळ पुन्हा सुरू झाले, आणि मास्तर मटकन खाली बसले. आयुष्यातलं पहिलं प्रवचन असं दीड वाक्यात संपलं याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. पण शलमोनकाकांनी वाजवता वाजवता त्यांच्याकडे पाहून मान डोलावली, आणि काका उगीच मान डोलावणाऱ्यातले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी परळच्या डेपोत निरोप द्यायला इतकी माणसं आली की कंट्रोलरने चौकशीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून कोण मंत्री चाललाय म्हणून विचारलं. भायखळ्याच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, रामजींनी मूठ वर केली. कुशाबाने मास्तरांचा हात हातात धरला आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही. शेवटच्या क्षणी मालन धावत आली आणि तिने खिडकीतून एक भलंमोठं पुडकं आत कोंबलं. सुके बोंबील आणि जवळा, चाळीतल्या बायांनी मिळून दिलेला.

गाडी ठाण्याला पोचायच्या आत पुडक्याने आपलं अस्तित्व जाहीर केलं. पुढच्या बाकावरच्या बाईंनी नाकाला पदर लावला. त्यांच्या पुढच्याने खिडकी उघडली, मग त्याच्याही पुढच्याने. हळूहळू मागची बाकडी रिकामी झाली. शलमोनकाकांनी मृदंग उशाला घेतला आणि एका अख्ख्या बाकावर सुखाने आडवे झाले. रूथबाई खिडकीबाहेर बघत हसू दाबत होत्या. मास्तर मासे खात नसत. त्यांना त्या वासाने लहानपणापासून मळमळायचं. ते पुडकं मांडीवर घट्ट धरून, ताठ बसले होते.

कंडक्टर आला, नाक मुरडून म्हणाला की हे सामान टपावर टाका, लोकांची तक्रार आहे.

"टपावर नाही टाकणार," मास्तर म्हणाले.

"काका, आहे तरी काय एवढं त्यात?"

मास्तरांनी पुडक्याची सुटत आलेली सुतळी पुन्हा आवळली.

"आमच्या मुंबईच्या माणसांनी दिलंय," ते म्हणाले, आणि नगर येईपर्यंत ते पुडकं त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं नाही.